जागी हायेस ना गं?

यात मी काहीही रंगवलेलं नाही. उलट थोडं कमीच सांगते आहे.

ताईला विचारूनच लिहायला बसले. ती म्हणाली, "लिही. पण माझे पाय कसे झाले होते, ते नीट लिही. लोकांना वाटतं, मी मनाचं सांगते."

मी संजना. पिंपळगाव बसवंतला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. माझी मोठी बहीण उज्वला नाशिक रोडला. जेल रोडच्या आतल्या बाजूला एक जुनी तीन मजली सोसायटी आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट.

हे घडलं गेल्या वर्षी जानेवारीत. संक्रांतीच्या आगेमागे. थंडी अशी होती की आमच्याकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवत होते.

ज्या खोलीत हे झालं, त्या खोलीत मी होते.

आणि मी जागी होते.

आधी ताईच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. वत्सलाबाई. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणायचो. त्यांचे दोन्ही पाय गेले होते. कमरेखाली काहीच कळायचं नाही. आठ-नऊ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि ती सगळी वर्षं ताईने काढली.

दाजी अंबडला कंपनीत. पाळ्या बदलत्या. मुलगी तेजल लग्न होऊन पुण्याला गेलेली. म्हणजे बऱ्याच रात्री घरात या दोघीच.

आईंचा स्वभाव कठीण होता. पायाला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. गरम पाण्याने पुसून देते म्हटलं तरी ओरडायच्या. आणि रात्री ताईला झोपू द्यायच्या नाहीत. दर थोड्या वेळाने आतल्या खोलीतून हाक यायची.

"उज्वला... जागी हायेस ना गं?"

ताई उठून जायची. पाणी हवंय का, कूस बदलू का, विचारायची. त्यांना काही नको असायचं. नुसतं विचारायच्या, जागी आहेस ना.

मला राग यायचा. मी म्हणायचे, "ही कसली तऱ्हा? तुला छळतात नुसत्या."

ताई म्हणायची, "जाऊ दे गं. म्हातारं माणूस आहे."

गणपतीनंतर आई गेल्या. झोपेतच. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, म्हातारी सुखाने गेली, मागे काही राहिलं नाही. माझ्या बहिणीला जो भेटेल तो एकच सांगायचा... आता झोप बाई. आता पोटभर झोप.

आणि ताईची झोप गेली.

म्हणजे पूर्वी तुकड्यातुकड्यात तरी लागायची. आता तीही नाही. डोळा लागायचा आणि दचकून उघडायचा. मी विचारलं, "दचकतेस कशाने?"

"कशाने नाही. सवय." एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

मग उपाय सुरू झाले. आपल्याकडे झोप येत नाही म्हटलं की जो तो वैद्य होतो. मी जायफळ सांगितलं, दुधात उगाळून. आठवडाभर घेतलं तिने. तोंडाला चव राहिली, झोप नाही. तिच्या नणंदेने खसखशीची खीर करून पाठवली. कोणी टाळूला ब्राह्मीचं तेल सांगितलं, उशीला इतका वास लागला की दाजी हॉलमध्ये झोपायला गेले. तेजलने मोबाईलवर पावसाचा आवाज लावून दिला. म्हणाली, ऐकत पडायचं, झोप लागते.

ताई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रात्रभर वाटत होतं, वाळत घातलेले कपडे आत आणायचे राहिलेत."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीने अंग जड व्हायचं, डोळे मिटायचे... आणि थोड्याच वेळात टक्क उघडायचे. डोस वाढवला. तेच. दाजींनी तिला वणीला गडावर नेलं. दर्शन तर होईलच, शिवाय पायऱ्या चढून थकली तर झोपेल. परतताना गाडीत छान डुलकी लागली. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली आणि पुन्हा डोळे उघडे.

दिवाळीपर्यंत तिच्याकडे बघवेना. गाल बसले. बोलता बोलता शब्द विसरायची. एकदा गॅस सुरू ठेवून भाजी आणायला गेली.

एकदा मला म्हणाली, "संजू, झोप दारापर्यंत येते गं. आत येत नाही."

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ठमाबाई राहतात. निफाडकडच्या. त्यांनी ताईला बघून सांगितलं, "पोरी, तुझ्या पायात उष्णता बसली हाय. काशाची वाटी आण. गाईचं तूप लाव नि तळपाय घासून घे. काळं निघंल बघ. ते निघालं की लय गाढ झोप लागती."

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. काशाच्या वाटीला तूप लावून तळपायावर गोल गोल घासत राहिलं की तूप काळं पडत जातं. तळपाय काजळी फासल्यासारखे होतात. जुनी माणसं म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. धातूचा गुण असतो तो. त्यात भुताखेताचं काही नाही. आमच्या घरीही लहानपणी घासायचे.

ताईने भांडी बाजारातून नवी कोरी वाटी आणली. दोन रात्री दाजींनी पाय घासून दिले. फार फरक पडला नाही. मग त्यांची रात्रपाळी सुरू झाली. वाटी पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीच्या कट्ट्यावर राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ताईचा फोन आला.

"संजू... झोपले."

आवाज इतका ताजा होता की मला रडू आलं. म्हणाली, पाठ टेकली ते एकदम सकाळीच जाग आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या बहिणीला झोप लागायला लागली.

संक्रांतीला मी तिच्याकडे गेले. चेहरा भरला होता. दाजी रात्रपाळी करून, थोडी झोप काढून उठले होते. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. ताईने दाजींच्या ताटात गुळाची पोळी वाढली आणि सहज म्हणाली, "आता पाय घासणं बंद करा. इतके दमून येता, वर ते कशाला? झोप लागायला लागली मला."

दाजींचा हात थांबला.

"मी कुठे घासतो?"

"मग?"

"मला वाटलं, तूच घासून घेतेस. सकाळी मी येतो तेव्हा तू झोपलेली असतेस. रजईबाहेर तुझे काळे पाय दिसतात."

ताई हसली.

मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"रोज दिसतात?" मी विचारलं.

"रोज."

ताईने बसल्या बसल्या दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

बाहेर पोरं पतंगासाठी ओरडत होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. रोज सकाळी उठून ती न्हाणीत जाऊन पाय धुवायची. मनात म्हणायची, किती करतात माझ्यासाठी. दाजी तिला झोपलेली बघून मनात म्हणायचे, बरं झालं, घेते स्वतःचं स्वतः करून. कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी तिथेच राहिले.

दाजी कामावर गेले. मी ताईशेजारी झोपले. तिने पाठ टेकली आणि... मी काही बोलत होते, ते वाक्य पूर्ण होण्याआधी ती झोपली. विहिरीत दगड पडावा तशी.

मी अंधारात पडून राहिले. नाशिक रोडला रात्री गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. एक गाडी गेली. नंतर दुसरी. खाली कुत्री भुंकत होती. बाजूच्या इमारतीत कोणाचा तरी टीव्ही सुरू होता.

मग कधीतरी लक्षात आलं...

टीव्ही बंद झाला होता. कुत्री गप्प होती. बराच वेळ एकही गाडी गेली नव्हती.

ताईचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

आणि मग...

घर्र... घर्र... घर्र...

पायथ्याशी. हळू. एका लयीत. धातू कातडीवर फिरतो, तसा.

मला वाटलं, दाजी लवकर आले. मी मान वर केली.

पलंगाच्या पायथ्याशी कोणी नव्हतं.

ताईच्या पायांवरची रजई वर सरकली होती. घोट्यापर्यंत. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून येत होता, त्यात तिचे तळपाय दिसत होते. डावा पाय स्थिर होता. उजवा हलत होता. घोटा कोणी हातात धरल्यावर जसा हलतो, तसा.

खिडकीच्या कट्ट्यावर वाटी नव्हती.

मी ताईला हलवलं. खांदा धरून हलवलं, गालावर चापट मारली. मान नुसती इकडून तिकडे गेली. देवाचं नावही सुचलं नाही. शेवटी हात लांब करून मी दिव्याचं बटण दाबलं.

आवाज थांबला.

वाटी कट्ट्यावर होती. मी उठून तिला हात लावला...

गरम होती. त्या थंडीत, उघड्या खिडकीशी ठेवलेली वाटी.

सकाळी मी दोघांना सगळं सांगितलं. दाजी आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "आई असेल."

ताईला ते ऐकवेना. म्हणाली, "असं बोलू नका. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा? पाप कोणाच्या डोक्यावर?"

"कावळा तर लगेच शिवला होता," मी म्हटलं. "काही राहिलं असतं तर..."

दुपारी ताई माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "त्यांना वाटत असेल गं. मी इतकी वर्षं केलं त्यांचं. रात्र रात्र जागवलं मला. आता त्याची भरपाई करत असतील."

आणि खरं सांगते, आम्ही तिघांनी तेच धरून ठेवलं. भीती होती. पण आई म्हटल्यावर ती भीती घरातली झाली. शिवाय ताई झोपत होती. इतक्या महिन्यांनी झोपत होती. मी पिंपळगावला परत आले.

पण नंतर तिची झोप वाढत गेली.

आधी सकाळी उशिरा उठू लागली. मग दुपारी जेवून आडवी व्हायची ती संध्याकाळीच. दूधवाला बेल वाजवून जायचा. मी फोन करायचे, उचलायची नाही. उचलला तर आवाज जड. "झोपले होते गं... किती छान वाटतं..." म्हणायची आणि बोलता बोलताच गप्प व्हायची.

एका रविवारी मी गेले तर ती स्वयंपाकघरात उभी होती. फरशीवर तांबडे डाग. ओट्यापासून दारापर्यंत.

ताई मला म्हणाली, "हे बघ ना, कुंकू कुठून सांडलं कोण जाणे. मघापासून पुसतेय, पुन्हा होतंय."

मी तिच्या पायाकडे बघितलं.

काचेचा पेला फुटला होता. त्याचा एक मोठा तुकडा तिच्या टाचेत रुतला होता. अर्धा आत. आणि ती त्याच पायावर चालत होती.

"ताई... दुखत नाही?"

तिने खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे मी विसरणार नाही.

"संजू, मला पायच कळत नाहीत."

डॉक्टरांनी टाके घातले. रक्त तपासलं, नसा तपासल्या. सगळं जिथल्या तिथे. थोडा अशक्तपणा आहे म्हणाले. टाचणी टोचून विचारलं, कळतं का? ताई छताकडे बघत होती. तिला टोचल्याचंही कळलं नव्हतं.

आईंचं जसं झालं होतं, तसंच होत होतं. खालून वर.

त्याच संध्याकाळी दाजी ती वाटी घेऊन दसकच्या घाटावर गेले. मीही बरोबर होते. त्यांनी हात जोडले आणि वाटी गोदावरीत सोडली.

म्हणाले, "आज मी रजा टाकली आहे. आज मी आईशी बोलतो."

त्या रात्री आम्ही ताईला पलंगावर झोपवलं. दिवा सुरू ठेवायचा ठरवलं होतं. मी उशाशी बसले, दाजी खुर्ची घेऊन पायथ्याशी. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. आई गेल्यापासून ते बंदच असायचं. ताईने आम्हाला सांगितलं, "मला उठवा हं. उठले नाही तर पाणी मारा." आणि तिची मान कलली.

आम्ही दोघं बसून राहिलो. गाड्या जात होत्या. कुत्री भुंकत होती.

मग...

कुत्री थांबली.

दिवा विझला नाही, पण पिवळा पडला. दाजींनी माझ्याकडे बघितलं.

ताईची रजई पायावरून आपोआप वर सरकली.

वाटी नव्हती. तिचा आवाजही नव्हता. आता दुसराच आवाज येत होता...

सुर्र... सुर्र...

तळहाताचा. कोरड्या, खरखरीत तळहाताचा.

आमच्या डोळ्यांदेखत, दिव्याच्या उजेडात, ताईचे तळपाय काळे होत होते. टाचेपासून बोटांकडे. तूप नाही, वाटी नाही. टाचेवरच्या पट्टीसकट काळे.

मी तांब्यातलं पाणी ताईच्या तोंडावर मारलं. ती हलली नाही. पुन्हा मारलं. पापणीसुद्धा नाही.

दाजी खुर्चीवरून उठले. हात जोडले.

"आई... पुरे झालं. तिने तुझं सगळं केलं. आता तिला सोड. मी तुझ्या पाया पडतो."

आवाज थांबला.

मला वाटलं, ऐकलं. आईने ऐकलं.

पण तो पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा जोरात. भराभर. ताईचे दोन्ही पाय हलायला लागले. पलंग हलायला लागला.

आणि तेव्हाच...

दाजींच्या पाठीमागून, बंद दाराआडच्या खोलीतून, हाक आली.

"उज्वला..."

तो आवाज मी हजारदा ऐकला होता. तो आईंचाच होता.

"उज्वला... जागी हायेस ना गं?"

दाजी दाराकडे वळले. मग सावकाश पलंगाकडे वळले.

पायथ्याशी तो हात फिरतच होता.

आई आतल्या खोलीत होत्या. आणि इथे ताईचे पाय कोणीतरी घासत होतं.

दाजी अगदी हळू म्हणाले, "मग हे कोण आहे?"

तिसऱ्यांदा हाक आली. या वेळी घाईची. काकुळतीची.

"ऊठ... ऊठ गं बाई..."

आणि ताई उठली.

पाणी मारून न उठलेली माझी बहीण त्या हाकेसरशी उठून बसली. डोळे अर्धवट मिटलेले. रोज रात्री म्हणायची तेच म्हणाली, "आले हं आई." आणि पाय खाली सोडले.

उभी राहिली तशी कोसळली. पाय तिला पेलेनात. दाजींनी तिला उचललं. उचलताना त्यांना जोर लावावा लागला. दाजी अंगाने चांगले मजबूत आहेत, आणि ताई म्हणजे काडी. नंतर ते म्हणाले, "खालून कोणीतरी ओढत होतं. घोटे सोडत नव्हतं."

मी दार उघडलं. आम्ही जिने कसे उतरलो ते आठवत नाही. चपला नाहीत, शाल नाही. रस्त्यावर एक रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे? दाजींना काही सुचेना. म्हणाले, "स्टेशनला घ्या. उजेड असेल तिथे घ्या."

उरलेली रात्र आम्ही नाशिक रोड स्टेशनच्या बाकावर काढली. आजूबाजूला माणसं होती, सामान होतं, चहावाला ओरडत होता. ते सगळं मला इतकं गोड वाटलं. मी ताईचे पाय मांडीवर घेऊन रुमालाने पुसत होते. काळं निघत नव्हतं. पाय बर्फासारखे गार होते.

चहा पोटात गेल्यावर ताई बोलली.

"मी तुम्हाला सांगितलं नाही. दहाव्यापासून मला रोज हाक यायची. डोळा लागला की लगेच. 'जागी हायेस ना?' मी उठून जायचे. खोली रिकामी. म्हणून मला झोप नव्हती. कोणाला सांगू? म्हणाल, डोक्यावर परिणाम झाला."

"मग ती बंद कधी झाली?" मी विचारलं.

"बंद झाली नसेल. मला ऐकू यायची थांबली. मी इतकी गाढ झोपायला लागले ना..."

जायफळ, खसखस, तेल, गोळ्या, वाटी. आम्ही सगळे मिळून तिला झोपवायला निघालो होतो. आणि एकट्या आई तिला जागं ठेवत होत्या.

जिवंत असतानाही.

दाजी रुळांकडे बघत बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "पाय जायच्या आधी आई आपल्या खोलीत झोपायची. आत्ता आपण झोपतो ना, तिथेच. तेव्हा मला म्हणायची, पोरा, या घरात झोप लय छान लागती. दुपारीसुद्धा उठवावी लागायची तिला. मी खूश होतो, म्हातारीला आराम मिळतोय म्हणून. मग एक दिवस उठताना पायच टेकेनात. त्याच दिवशी म्हणाली, मला या खोलीत ठेवू नको. का, ते कधी सांगितलं नाही."

पहाटेची गाडी आली, गेली. आम्ही तिघं तिथेच.

ताईला मी तिथूनच पिंपळगावला आणलं. दाजीही आमच्याकडेच राहतात आता, इथून अंबडला जाऊन येऊन करतात. माझ्या नवऱ्याने, महेशने, एका शब्दाने विचारलं नाही की किती दिवस. त्यानेच मागची खोली रिकामी करून दिली.

फ्लॅटला कुलूप आहे. घ्यायला दोन-तीन लोक तयार होते. दाजींनी नाही म्हटलं. कोणाला आणून झोपवायचं तिथे?

आम्ही एका माहितगार गुरुजींनाही विचारलं. त्यांनी फ्लॅटवर येऊन शांत करून देतो म्हटलं. आले, दारातच उभे राहिले, आणि घरी काम आठवलं म्हणून निघून गेले. पुन्हा फोन उचलला नाही. त्यांना काय दिसलं, माहीत नाही. काही दिसलं की नाही, तेही माहीत नाही. मी अंदाज बांधणं सोडून दिलं आहे.

ताईचे पाय थोडे सुधारले. भिंत धरून चालते. बोटं अजून कळत नाहीत, पण टाच कळते. टाके पडलेली जागा दुखते म्हणाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

झोप तिला नाहीच. थोडी लागते, मोडते. आता कोणी उपाय सांगायला लागलं की दाजी हात जोडून विषय थांबवतात.

सकाळी मी शाळेत निघताना ती ओसरीवर उन्हात पाय सोडून बसलेली असते. मी जाता जाता विचारते, "हाक आली का?"

ती म्हणते, "आली. दोनदा आली."

मग मी निघते. दिवसभर मन निवांत असतं. आई इथपर्यंत आल्या, याचं आम्हाला आता भय वाटत नाही. त्या हाक मारतात तोवर ताई जागी आहे.

पण परवा मी विचारलं, तर ती 'आली' म्हणाली नाही.

तिचा चेहरा टवटवीत होता.

"संजू," ती म्हणाली, "काल रात्री मला एकदाही जाग आली नाही गं."

मी तिच्या पायांकडे बघितलं. पायात मोजे होते. तिने मोजे घातल्याचं मला आठवत नव्हतं.

ते मी अजून काढून बघितलेले नाहीत. दाजींनाही सांगितलेलं नाही. परवापासून रात्री मी तिच्या उशाशी बसते, आणि थोड्या थोड्या वेळाने तिला हलवून विचारते...

"ताई... जागी आहेस ना?"